पावसासाठी बंद केलेली इंजिनं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे पावसाळ्यासाठी इंजिनं बंद करणं. मे महिना संपत आला होता. दिवाळे गावच्या धक्क्यापासून जरा लांब, खाडीच्या बांधावर मी उकिडवा बसलो होतो आणि रबर गुंडाळलेल्या दांडीनं पंखा मारून इंजिन चालू करत होतो. बायको माझ्यासमोर प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती, दोन्ही पाय पाटावर रोवून.

ही खेळण्यातल्या विमानांची इंजिनं. मुठीएवढी असतात, पण चालू झाली की जागेवर राहत नाहीत. म्हणून मी सागाच्या फळीचा पाट केला होता. एका टोकाला इंजिन बोल्टनं आवळायचं आणि दुसऱ्या टोकावर कुणीतरी पायाचा दाब द्यायचा. तुम्ही म्हणाल, क्लॅम्प का नाही लावला? मी जन्मभर फिटर होतो, क्लॅम्प मला दहा मिनिटांचं काम. पण क्लॅम्प लावला असता तर ती कशाला आली असती?

त्या दिवशी पाट सरकत होता.

"पाय रोव ना गं."

"रोवलेत हो."

"मग पाट पळतो कसा?"

"तुमचं इंजिन तरुण झालं असंल. मी कुठं राहिले तरुण?"

मी हसलो. पाटाखाली एक दगड सरकवला आणि पुढचं इंजिन घेतलं.

रबाळ्याच्या कारखान्यात मी कामाला होतो. शिक्षण सातवी. आमच्या मालकाला ही विमानं उडवायचा नाद. इंजिन बिघडलं की माझ्या टेबलावर आणून ठेवायचा. पुढं कारखाना बंद झाला तेव्हा त्यानं पाच इंजिनं खोक्यात घालून मला दिली. म्हणाला, "मी आता बॅटरीची विमानं उडवतो. ही तूच सांभाळ." काही वर्षं आम्ही उलव्याच्या बाजूला मोकळ्या जागेत उडवलीसुद्धा. मग खाडीपलीकडं खरा विमानतळ आला आणि आमचं बंद झालं. ती म्हणाली होती, "मोठ्यांची विमानं आली, आता बारक्यांनी खाली बसायचं." तेव्हापासून आम्ही इंजिनं नुसती पाटावर चालवायचो. सोसायटीत चालवायची सोय नाही, आवाज फार. पहिल्यांदा गच्चीवर चालवलं तेव्हा सेक्रेटरी धावत वर आला होता. "काका, वर पिठाची गिरणी टाकली काय?" म्हणून दिवाळे. तिथं बोटींच्या इंजिनांपुढं आमचा आवाज कुणाच्या गणतीत नाही.

लोक विचारतात, उडवायचं नाही तर चालवता कशाला? नाही चालवली तर मरतात म्हणून. यांच्या इंधनात मिथेनॉल असतं आणि एरंडेल. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यानं आतल्या बेअरिंगना गंज धरतो. एरंडेल सुकलं की डिंक होतो आणि पिस्टन जागच्या जागी चिकटतो. वरून इंजिन चकचकीत दिसतं, आत सगळं गेलेलं असतं. आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत तर एका पावसाळ्यात खेळ खलास.

म्हणून बंद करायची एक रीत आहे. शेवटी चालवताना टाकी तशीच ठेवून इंजिन थांबवायचं नाही. इंधनाची नळी चिमटीत दाबायची आणि आतलं सगळं जळू द्यायचं. थेंब संपत आले की इंजिन एकदम जोरात ओरडतं, मग गप्प. ते गरम असतानाच डोक्यावरचा प्लग काढायचा आणि त्या भोकातून पातळ तेल सोडायचं. तेल तिच्या शिलाई मशीनचं, लांब नळीच्या बाटलीतलं. ती थेंब सोडायची, मी पंखा हातानं फिरवायचो. मग प्लग परत बोटानं लावायचा, इंजिन सुती कापडात गुंडाळायचं. प्लास्टिकच्या पिशवीत कधी नाही, आत घाम धरतो. कापड तिच्या जुन्या साड्यांचं. डबे स्वयंपाकघरातले, घट्ट झाकणाचे, आणि प्रत्येकात भाजलेल्या तांदळाची एक पुरचुंडी, ओल ओढायला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं डाळी भरल्यात.

"या डब्यात तुमची बाळं आणि त्या डब्यात माझी तूरडाळ," ती म्हणायची. "एखाद दिवशी चुकून फोडणी घालीन हां."

पाचातलं एक मालकानं जाम झालेलंच दिलं होतं. पिस्टन हलेना. कुणी म्हणेल ठोका, पण ठोकलं की संपलं. मी त्याला तव्यावर शेकवायचो, तेल पाजायचो, ठेवून द्यायचो. पुन्हा शेकवायचो. असे किती पावसाळे गेले. ती वैतागायची, कारण तवा तिचा.

"सोडा आता त्याला. गेलंय ते."

"काही गेलेलं नसतं. लोक सोडून देतात म्हणून जातं."

"बिचाऱ्याला विचारलंत का, त्याला काय पायजे ते?"

एक दिवस पंखा हलला. हलला तसा मी घरभर नाचलो. ती दारात उभी राहून बघत होती, हसली नव्हती. हे मला आता आठवतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. पाट करायच्या आधी एकदा ती गावाला गेली असताना मी एकट्यानं इंजिन गुडघ्यात धरून चालू केलं होतं. पंख्यानं उजव्या हाताचं पहिलं बोट फाडलं. ती परत आली, बोटाचं बोचकं बघितलं आणि मला देवासमोर उभं केलं. एकट्यानं कधी चालू करणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. मी घेतली आणि पाळली. हे लक्षात ठेवा.

तर त्या मे महिन्याच्या संध्याकाळी पाचही इंजिनं चालवून झाली, तेल पाजून झालं. घरी येऊन मी कापडं काढत होतो, तर ती म्हणाली, "तुम्ही हात धुवा, चहा घ्या. प्लग लावून मी ठेवते डब्यात."

"घट्ट आवळू नको. बोटानंच."

"इतकी वर्षं काय फुगड्या खेळले काय?"

मी हात धुवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच दिवाळ्याला गेली, पावसाळ्याची सुकी मासळी भरायला. दर वर्षी जायची. या वर्षी जरा जास्तच आणली. सुकट, जवळा, बोंबील. मी म्हटलं, "एवढं कोण खाणार?" म्हणाली, "पाऊस मोठा हाय म्हणतात."

पाऊस सुरू झाला आणि ती पडली. घरातच, बेसिनपाशी. दवाखान्यात नेली. पोरगी कल्याणहून आली आणि तिनं सगळं हातात घेतलं. डॉक्टर आले की म्हणायची, "बाबा, तुम्ही बाहेर बसा." मी बसायचो. मला सांगितलं की लिव्हर एकाएकी खराब झालं. मला 'एकाएकी' हा शब्द पुरला. आठवडाभरात ती गेली. बोलणं असं झालंच नाही. एकदा शुद्धीत आली तेव्हा म्हणाली, "डबे उघडू नका दसऱ्यापर्यंत. ओल जाईल आत." मला बरं वाटलं होतं, की हिचं डोकं ठिकाणावर आहे.

दिवसकार्य झालं. पोरगी गेली. पावसाळाभर मी भात आणि सुकट खाल्ली, तिनं भरून ठेवलेली. लोकांना सांगायचो, बाई चालती-बोलती गेली, तिला काही कळलंसुद्धा नाही. शेजारचे मान हलवायचे. ते ऐकून मलाच जरा धीर यायचा. मला तेवढं एकच हवं होतं, की ती न कळता गेली, आणि माझ्यापासून काही चोरून नाही गेली.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पूजतो. फिटरच्या घरात ही पूजा चुकत नाही. पाने, फाइली, मायक्रोमीटर आणि शेवटी ही पाच इंजिनं. ती प्रत्येकाला हळदीकुंकू लावायची आणि म्हणायची, "वर्षभर गप्प बसा रे." या वर्षी घरात सण नव्हता. पण हत्यारांनी काय पाप केलं? मी पाट मांडला आणि डबे उघडले.

इंजिनं चांगली होती, गंजाचा डाग नाही. पण प्लग नव्हते. डोक्यावरच्या भोकात साडीच्या कापडाची वात घट्ट बसवलेली, वर मेण लावलेलं. पाचही तशीच. कुणीतरी विचार करून केलेलं काम.

प्लग म्हणजे काय ते सांगतो. बोटाच्या पेरापेक्षा लहान वस्तू. आत केसाएवढी तार. बॅटरी लावली की तार लाल होते, इंजिन पेट घेतं, आणि मग बॅटरी काढली तरी इंजिनच त्या तारेला लाल ठेवतं. तो नसेल तर इंजिन म्हणजे लोखंड. मी सगळं घर उलथलं. शिलाई मशीनचे खण, देव्हारा, तिचा पितळी डबा, डाळींचे डबे. मिळाले नाहीत. मग मला ती सुक्या मासळीची फेरी आठवली, आणि मी तसाच चपला घालून दिवाळ्याला निघालो.

तिथं माझा एक दोस्त आहे. बोटीचा मालक, म्हणून मी त्याला नाखवा म्हणतो, तो मला मिस्त्री. त्याच्या बोटीचं इंजिन मी बघायचो, तो आम्हाला बांधावर बसायला जागा राखायचा. त्याची बायको मासळी विकते, माझी तिच्याकडूनच घ्यायची. नाखवा जाळं शिवत बसला होता. मला बघून उठला नाही. तेव्हाच मला कळलं.

"माझे प्लग कुठंयत?"

तो जाळ्यातून सुई काढेना.

"नाखवा, तुला विचारतोय."

"हायत. सांभालून ठेवलंयत."

"कुणी दिले?"

"वैनीनी. सुकट न्यायला आल्या तवा. मना बोलल्या, मिस्त्री मागंल तर लगेच देव नको. तू सोबत बसशील तवाच दे. मी नसल्यावर हे रागानं एकटंच चालू करतील, नि हात घालवून बसतील."

"मी नसल्यावर म्हणजे?"

त्यानं जाळं बाजूला सारलं.

"मी नसल्यावर म्हणजे काय रे?"

"मिस्त्री, बस जरा. पानी पी."

"पाणी गेलं खड्ड्यात. तिला माहीत होतं?"

त्यानं मान खाली घातली. त्याची बायको टोपली ठेवून आली नि पदरानं डोळे पुसायला लागली. म्हणजे तिलाही. त्या जाळ्यापासून टोपलीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. पावसाळाभर मी इथं आलो होतो. याच्याच ओट्यावर बसून सांगितलं होतं, की तिला काही कळलंसुद्धा नाही. आणि हा मान हलवत होता.

"माझ्या ताटातलं खाल्लंस तू."

"मना तिनं शपत घातली व्हती मिस्त्री. आई एकवीरेची."

नाखव्यानं आत जाऊन पावडरीची एक छोटी डबी आणून दिली. आत कापसात पाच प्लग. प्रत्येक तेलात बुडवून पुसलेला. मी शिकवलं होतं तसं, अगदी तसंच.

घरी येऊन पोरीला फोन लावला. मी काही फिरवून बोललो नाही.

"तुझ्या आईला किती दिवस आधी माहीत होतं?"



"बाबा, कुणी सांगितलं?"

"ते सोड."

"होळीच्या आसपास. मीच नेलं होतं तिला तपासायला. तुम्हाला ॲसिडिटी सांगितली."

"आणि तुला वाटलं नाही, बापाला सांगावं?"

"तिनं शपथ घातली."

"तुला शपथ. नाखव्याला शपथ. सगळ्यांच्या शपथेवर भरवसा, माझ्या नाही. मी इतकी वर्षं एकट्यानं पंखा मारला नाही, आणि प्लग ठेवले दुसऱ्याच्या घरी!"

"बाबा, ओरडू नका."

"ओरडणार. का नाही सांगितलं मला?"

पोरगी माझ्यासारखीच आहे, तोंडावर बोलते. म्हणाली, "ऐकायचंय तर ऐका. डॉक्टरनी सांगितलं होतं, काही होण्यासारखं नाही. आई म्हणाली, तुझ्या बाबाला सांगितलं तर ते मला तव्यावर धरतील. आज हा डॉक्टर, उद्या तो. मुंबई, पुणे, मिरज. सुया, नळ्या. गेलेलं इंजिन ते सोडत नाहीत. मला नाही तसं करून घ्यायचं. मला पाटावर पाय ठेवून बसायचंय, एवढंच. असं म्हणाली."

मी फोन ठेवला.

खरं सांगतो, मला रडू आलं नाही. संताप आला. तिच्यावर. अजूनही आहे. अगं, मला विचारायचं तरी. मी म्हटलं असतं, नाही करत. कदाचित केलं असतं. पण ते माझं मला करू द्यायचं होतं, नाहीतर माझ्या तोंडावर नको म्हणायचं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात तू मला तोंडावर काय काय नाही बोललीस! माझ्या नाकाला, माझ्या आईला, माझ्या घोरण्याला नावं ठेवलीस. आणि हे एवढं मोठं नाखव्याच्या बायकोला सांगितलंस, टोपलीपाशी बसून. मला एरंडेल पुसायला ठेवलंस.

पाट सरकत होता तो का, ते आत्ता कळलं. तिच्या पायांत दाब उरला नव्हता. आणि मी दगड सरकवला.

लोक म्हणतात, तिनं तुझ्या भल्यासाठी केलं. केलं असेल. फसवणारा भल्यासाठी फसवतो तेव्हा त्याला शिवीसुद्धा देता येत नाही, हाच त्यातला त्रास. सुकट जास्त भरली, डबे बंद केले, प्लग काढून ठेवले, मला दसऱ्यापर्यंत थांबायला सांगितलं. सगळी कामं उरकली. एक माझं सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या पेटीतून कारखान्यातला क्लॅम्प काढला. पाट घेतला, एक इंजिन घेतलं, तेच जाम झालेलं, माझं सोडवलेलं. पावडरीची डबी खिशात घातली आणि बांधावर गेलो. बांधावर सिमेंटचा एक कठडा आहे, त्याला पाट क्लॅम्पनं आवळला. हलवून बघितला. तसूभर हलला नाही.

नाखवा लांबून आला. न बोलता प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवलं आणि पाटाकडं पाय पुढं केले.

"पाय काढ."

"मिस्त्री..."

"बसायचं तर बस. पाटाला पाय लावू नको."

त्यानं पाय मागं घेतले, पण गेला नाही. मी कापडाची वात काढली. मेण खरवडताना तिच्या अंगठ्याचा ठसा निघून गेला. प्लग लावला, बोटानंच. बॅटरी जोडली, दांडीनं पंखा मारला. पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा थुंकलं. मग लागलं. निळा धूर, एरंडेलाचा वास. पाट जागचा हलला नाही. मी बॅटरी काढली आणि ते चालतच राहिलं.

मी एकटा नव्हतो. शपथ मोडली नाही. तिनं एवढं बघायला हवं होतं.

मग नळी चिमटीत धरली. आतलं जळत आलं, एकदा जोरात ओरडलं आणि गप्प झालं. गरम होतं तोवर प्लग काढला. तेल सोडायला आज ती नव्हती, तर एका हातानं थेंब सोडले आणि दुसऱ्या हातानं पंखा फिरवला. जमतं. वेळ लागतो.

नाखवा म्हणाला, "प्लग मना देताय ना परत? वैनीनी..."

"नाही."

पाचही प्लग मी डबीत घातले, डबी माझ्या खिशात घातली आणि इंजिन तिच्या साडीच्या त्याच कापडात गुंडाळून घरी आणलं.